कुकीच्या पट्टीवर कोणतं बटण दाबायचं?

साइट उघडली की कुकीसाठी, म्हणजे साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदींसाठी, परवानगी मागणारी पट्टी येते: ‘सर्व स्वीकारा’, ‘सर्व नाकारा’, ‘सेटिंग्ज’. घाईत बोट पहिल्यावर जातं. तेच बटण सगळ्यात ठळक रंगवलेलं असतं.

नाकारलं तर साइट चालणार नाही, ही भीती काढून टाका. लॉगिन टिकवणारी, कार्टमधल्या वस्तू लक्षात ठेवणारी कुकी ‘आवश्यक’ गटातली. तिला युरोपच्या कायद्यातही संमती लागत नाही. नकार पोचतो तो मुख्यतः जाहिरातींसाठी माग काढणाऱ्यांना. एका साइटवर बूट पाहिले आणि दुसरीकडे बातमी वाचताना तेच बूट समोर आले, तर मध्ये बहुधा तिसऱ्याच कंपनीची कुकी असते. स्वीकारल्याचा फायदा एवढाच की काही साइटवरचे व्हिडिओ, नकाशे लगेच दिसतात. नकारानंतर तिथे राखाडी चौकोन आला, तर तेवढ्यापुरती परवानगी देता येते.

‘सेटिंग्ज’मध्ये वेळ जातो, पण ‘नाकारा’ बटणच नसेल तर तिथे जावंच लागतं. मी एकदा सगळे खटके बंद करून निघालो होतो, तेवढ्यात शेजारचा ‘वैध हितसंबंध’ (संमती न घेता माहिती वापरण्यासाठी कंपन्या पुढे करतात ते कारण) नावाचा टॅब दिसला. तिथे सगळं आधीच चालू! तेव्हापासून तो टॅब पाहिल्याशिवाय मी ‘जतन करा’ दाबत नाही.

हा लपंडाव युरोपच्या कायद्याला मान्य नाही. आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असं युरोपीय न्यायालयाने 2019 मध्ये ठरवलं. जीडीपीआर या तिथल्या डेटा-संरक्षण कायद्यानुसार संमती मागे घेणंही देण्याइतकंच सोपं हवं. स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक, म्हणून फ्रान्सच्या नियामकाने गूगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरो दंड ठोठावल्याचं जानेवारी 2022 मध्ये जाहीर झालं. कॅलिफोर्नियात रीत उलटी: आधी माग काढला जातो, थांबवायला तुम्ही सांगायचं.

ब्राउझरवर सोडायचं का? सफारी 2020 पासून तिसऱ्या कंपनीच्या कुकी अडवते, फायरफॉक्स प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या कप्प्यात ठेवतो. क्रोममध्ये मात्र सेटिंग स्वतः तपासा. पण साइटची स्वतःची कुकी यातून सुटते, म्हणून मी दोन्ही करतो: ब्राउझरचं कुलूप आणि पट्टीवर ‘नाकारा’.

पूर्वी ‘स्वीकारा’ दाबलं असेल, तर आज नाकारल्याने जुन्या कुकी पुसल्या जातीलच असं नाही. त्या ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतः काढाव्या लागतात. त्यानंतर पट्टी पुन्हा विचारेल.