कोस्टल अँड मरीन मॅनेजमेंटचं पीजी : दीड वर्षानंतरचा अनुभव

गेल्या दोन महिन्यांत चार जणांनी मेसेज करून विचारलं की हा कोर्स घेऊ का, स्कोप काय, डायव्हिंग असतं का वगैरे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. माझं तिसरं सेमिस्टर संपत आलंय. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी रड पण आहे आणि डिग्री अजून हातात यायचीय. पश्चिम किनाऱ्यावरचं आहे एवढं पुरे.

मी मूळची कोल्हापूरची. बीएस्सी झूलॉजी. समुद्र म्हणजे गणपतीपुळ्याची ट्रिप आणि परत येताना गाडीत वाळू, एवढीच ओळख. ॲडमिशन घेताना डोक्यात कासवं, डॉल्फिन, कोरल असलं सगळं होतं. ते पहिल्या महिन्यात उतरलं. पहिल्याच लेक्चरला सरांनी विचारलं भारताचा किनारा किती लांब, सगळ्यांनी शाळेतलं ७,५१६ किलोमीटर ठोकून दिलं, तर म्हणाले आता सरकारी आकडा ११,०९८ आहे, मग मधे काय समुद्र वाढला का? वाढला काही नाही, आधीचं माप मोठ्या ढोबळ नकाशावरचं होतं, आता बारीक नकाशावर प्रत्येक खाडी, प्रत्येक वळण मोजलं. महाराष्ट्राचे ६५२ चे असेच ८७७ झाले. तेव्हा गंमत वाटली, पण नंतर कळलं की अख्खा कोर्स याच प्रश्नावर उभा आहे, म्हणजे रेघ नेमकी कुठे मारायची आणि कोणी मारायची.

कारण सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्र, किनाऱ्यालगत काय बांधायचं आणि काय नाही याचे केंद्राचे नियम. या एका विषयावर माझं पीजी वसूल झालं असं मी म्हणेन. १९९१ ची अधिसूचना, मग २०११, मग २०१९, तिन्ही शेजारी ठेवून वाचायला लावतात. भरतीरेषेपासून ५०० मीटर हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पुढचं कोणाला नसतं. २०१९ मध्ये ग्रामीण भागाचे दोन भाग केले, जिथे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त माणसं तिथे बांधकामबंदीचा पट्टा २०० वरून ५० मीटरवर आला, बाकीच्यांना २०० च. आम्हाला असाइनमेंट होती की आपापल्या वाट्याच्या गावांची घनता काढा. माझी गावं सिंधुदुर्गातली, आणि त्या अख्ख्या जिल्ह्याची घनता आहे १६३! म्हणजे सवलत आली म्हणून पेपरात वाचून खूश झालेल्या गावात ती सवलत पोचतच नाही.

हे कागदावर कळणं वेगळं आणि समोर बसून सांगणं वेगळं. सर्व्हेला गेलो तेव्हा एका काकूंचं घर पुळणीला अगदी लागून, दोन खोल्या पर्यटकांना देतात. नियमात राहत्या घरात होमस्टे चालतो, पण जोतं वाढवायचं नाही, घराचं रूप बदलायचं नाही. काकूंचा प्रश्न एकच, "माका फक्त खोलीक जोडून न्हाणी बांधूची आसा, ता जोत्यात येता काय?" आम्ही तिघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या आता तुम्हीच वाचून सांगा. वाचलं आणि परत जाऊन सांगितलं की बाहेर वाढवली तर येतं. काकूंनी चहा दिला पण पहिल्या दिवशीसारखी भाकरी नाही विचारली.

बाकी प्रश्नावली हा प्रकार ज्याने कोणी काढला त्याला कोटी कोटी प्रणाम. इंग्लिशमधून भाषांतर केलेली, "पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत" असे पाच रकाने. मासळी बाजारात एकीला वाचून दाखवली तर ती म्हणते, "तू आधी सुरमई घेतंस काय ता सांग." घेतली. मग तिने रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं), पर्ससीन (मासळीचा थवा घेरणारं बोटीवरचं मोठं जाळं), एलईडीवाले असं सगळं अर्धा तास सांगितलं. रापणीत अख्खी वाडी ओढते, वाटे पडतात, आणि बाहेर कोणी जनरेटरवर लाईट पेटवून मासळी आधीच गोळा करून नेली की इथे जाळ्यात काटे येतात. एलईडीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातलीय, पण रात्री किनाऱ्यावरून बघितलं की लांब पाण्यावर उजेड दिसतोच. यातलं एकही वाक्य त्या पाच रकान्यांत बसत नव्हतं. मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं, आणि रिपोर्टमध्ये नंतर कामाला आलं ते तेच.

आता आमची सगळ्यात मोठी फजिती. खडकाळ किनाऱ्यावर क्वाड्राट टाकायचे होते, म्हणजे अर्ध्या मीटरची चौकट ठेवायची आणि आतले शंखशिंपले, शेवाळ, बार्नॅकल मोजायचे. ओहोटीची वेळ मोबाईलवर बघितली, नऊ. आरामात पोहे खाऊन पावणेनऊला खाली उतरलो तर पाणी वर यायला लागलेलं. तिसरी चौकट ठेवेपर्यंत पोटऱ्या भिजल्या, दोरी वाहून गेली, आणि घाईत माझा पाय कालवावर पडून असा कापला की सॅंडल रक्ताने भरली. वरती एक आजोबा जाळं विणत बसलेले, ते सगळं शांतपणे बघत होते. म्हणाले आज तीथ खयची? आम्हाला कुठे माहीत. त्यांनीच सांगितलं, चतुर्थी, "चार पाऊण तीन. तीनाक मुंबयक भरती, आमच्या हयसर तासभर आधी."

पाऊणकीचा पाढा! माझे आजोबा म्हणायचे तो, मला वाटायचं फक्त धान्य मोजायला असेल. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा सरकते, पाऊण तास हा त्याचाच तोंडी हिशेब. आणि आम्ही मोबाईलवर बघितलेली वेळ मुंबईची होती, भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते म्हणून मालवणकडे पाणी आधी भरतं आणि आधी उतरतं. हे सगळं सेकंड सेमच्या पेपरात मी लिहून दहापैकी आठ मार्क घेतले होते बरं का. तेवढंच नाही, उंचीपण वेगळी, मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या जवळ जातं आणि खाली मालवण-गोव्याकडे दोन-सव्वादोनवर खेळ खलास. त्यामुळे मुंबईत चिखलाची भलीमोठी पट्टी उघडी पडते तशी इथे मिळत नाही, कामाला वेळ कमी. आता फील्डला जाताना मी पंचांग बघते, घरी आई हसते.

रड आता. लॅब वाईट आहे. वाळू चाळायचं यंत्र मी आल्यापासून बंद, आम्ही हाताने चाळण्या हलवून ग्रेन साइझ काढली, दंड भरून आले. फील्ड ट्रिपचे पैसे फीमध्ये आहेत म्हणून सांगितलं होतं, निघायच्या दोन दिवस आधी वेगळे मागितले. सांख्यिकीला अर्धं सेमिस्टर शिक्षकच नव्हते. जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे करणं) मात्र चांगलं शिकवलं, त्याचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सेंटिनेल उपग्रहांच्या इमेजेस पण फुकट, त्यामुळे जुना लॅपटॉप असला तरी निभतं, फक्त रॅम वाढवून घ्या नाहीतर रात्रभर गोल फिरत राहतं.

डायव्हिंग कोर्समध्ये नाही. स्वतःच्या पैशाने शिका, तारकर्लीला एमटीडीसीचं सेंटर आहे. मी नाही केलं, मला पाण्याखाली श्वास घ्यायची कल्पनाच झेपत नाही, आणि तरीही काही अडलं नाही.

नोकरीचं स्पष्ट सांगते. कॅम्पसला कंपन्या रांग लावत नाहीत. आमच्या सीनियर्सपैकी काही पर्यावरण सल्लागार कंपन्यांत ईआयए रिपोर्ट (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अहवाल) लिहितात, काही कांदळवनाच्या प्रोजेक्टवर कंत्राटी, दोघं पीएचडीला, एकजण बँकेची परीक्षा देतोय. आणि सीआरझेडचा अधिकृत नकाशा कोणीही करू शकत नाही, ठरवून दिलेल्या मोजक्या संस्थाच करतात, चेन्नईची एनसीएससीएम (किनारा व्यवस्थापनाचं राष्ट्रीय केंद्र), गोव्याची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) वगैरे, त्यामुळे "मी मॅपिंग शिकून स्वतःचं ऑफिस टाकेन" असं डोक्यात असेल तर आत्ताच काढा. ईआयएवाल्या एका सीनियरने सांगितलेली गोष्ट मला फार लागली, की शिकलो किनारा वाचवायला आणि पगार मिळतो प्रकल्पाला हरकत नाही असं नीट शब्दांत लिहायचा. तो तसा खूश आहे, पण बोलताना दोनदा म्हणाला.

मग घ्यावा का? चिखलात तास-दोन तास उभं राहता येत असेल, अनोळखी माणसाशी मासे, लग्न, पाऊस यावर गप्पा मारता येत असतील आणि कायद्याची भाषा तीनतीनदा वाचायचा कंटाळा नसेल तर घ्या. फक्त प्राण्यांची आवड असेल तर सरळ मरीन बायोलॉजी करा, इथे प्राण्यांपेक्षा माणसांची भांडणं जास्त वाट्याला येतात. घरून दोन वर्षांनी लगेच चाळीस हजार पगाराची अपेक्षा असेल तर घरच्यांशी आधी बोला. मला पाचपैकी साडेतीन द्यावेसे वाटतात, लॅबचा एक कापला, अर्धा त्या ट्रिपच्या पैशांचा.

पहिल्या दोन सेमच्या नोट्स आणि तिन्ही अधिसूचनांच्या खुणा केलेल्या प्रिंट माझ्याकडे आहेत, पाहिजे असतील तर सांगा, देईन. गमबूट मागू नका.