जॅक्सनची खानावळ: मासा झकास, चहा म्हणजे पाक

चार वर्षं अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरमध्ये काढल्यावर कंपनीने दीड महिन्यासाठी मिसिसिपीत, जॅक्सनला धाडलं. मोटेलच्या खिडकीतून दिसणारी ही खानावळ. खाली एक तक्रार आहे, म्हणून नाव देत नाही.

इथली पद्धत 'मीट अँड थ्री'. एक मासा किंवा मांस, सोबत तीन 'भाज्या' आणि मक्याचा पाव, म्हणजे कॉर्नब्रेड. फळ्यावरच्या भाज्यांच्या यादीत मॅकरोनी-चीजही आहे. वाढणाऱ्या बाईंना विचारलं, ही भाजी कशी? त्या म्हणाल्या, "बेबी, इथे आहे!" विषय संपला.

मी मालवणचा, त्यामुळे माशाबाबतीत कोणाला सहज पास करत नाही. कॅटफिश म्हणजे आपल्या शिंगाळ्याचा गोड्या पाण्यातला भाऊबंद. मिसिसिपी डेल्टात त्याची तळ्यांत शेती होते. मक्याच्या पिठात घोळवून तळलेला तुकडा मोडला की कर्रकन आवाज येतो, आत पांढरीशुभ्र, वाफाळती पाकळी. काटा नाही, चिखलाचा वास नाही. आपल्या तांदूळपिठापेक्षा हे कवच जाड, पण थंड झालं तरी मऊ पडत नाही. तळलेली भेंडी तर मी दोनदा मागवली. चिंचेचा कोळ लावून तळली असती तर... असो.

आता तक्रार. बायको शनिवार-रविवार आली होती, ती शाकाहारी. कोलार्डच्या पाल्यात (कोबीच्या जातीची पालेभाजी) मांस नाही ना, हे दोनदा विचारून घेतलं. तिसऱ्या घासाला डुकराच्या पायाचा तुकडा निघाला. चवीसाठी तो घालायची इथली रीतच आहे, त्याला कोणी 'मांस' मोजत नाही! बाईंनी माफी मागितली, पैसे लावले नाहीत. तरी शाकाहारी मंडळींनी कोरड्या भेंडीवरच भागवावं, आणि तेल कशाचं तेही विचारावं.

चहा थंड असतो आणि निव्वळ पाक. ग्लास अर्धा झाला की न मागता भरतात, फुकट. पहिल्या दिवशी मी चार ग्लास प्यायलो.

डेन्व्हरच्या ऑफिसात सोमवारी गप्पा कुठला डोंगर चढलो याच्या. इथे खानावळ समोर दिसते, पण मोटेलपासून फुटपाथच नाही. दोनशे पावलांसाठी गाडी काढतो. सीडीसी या अमेरिकी सरकारच्या आरोग्यसंस्थेच्या २०२३ च्या आकड्यांत मिसिसिपीतले ४०.१ टक्के प्रौढ लठ्ठ गटात, कोलोरॅडोतले २४.९. तेही फोनवर लोकांनी स्वतः सांगितलेल्या उंची-वजनावरून; खरं वजन फोनवर कोण सांगतं! डेन्व्हरवाले याचं श्रेय स्वतःच्या शिस्तीला देतात. मला ते पटत नाही. माझ्या ऑफिसातले बहुतेक तिशीतले, चांगल्या पगाराचे. मिसिसिपी हे देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एक. आणि शिस्तीचंच म्हणाल तर तीन आठवड्यांत माझं वजन दोन किलो वाढलं, तेव्हा मी तोच डेन्व्हरवाला होतो.

जेवणाला पाचपैकी साडेचार, विचारपूस करणाऱ्या बाईंना पाच, पाल्याला शून्य. बिल टीपसकट सतरा डॉलर. दुपारी साडेअकराला जा, बाराला चर्चमधली गर्दी येते. हल्ली मी चहा 'हाफ अँड हाफ' मागतो, अर्धा गोड, अर्धा बिनसाखरेचा. बाई ग्लास ठेवताना म्हणतात, "तब्येत बरी आहे ना, बेबी?"