पोटदुखीसाठी मिरजेतल्या या सर्जनकडं जावं का? माझा अनुभव (पाचपैकी चार तारे)

मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. वॅनलेस या मिशनरी डॉक्टरसाहेबांनी १८९४ साली इथं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून कर्नाटकातले पेशंटसुद्धा गाडी भरून इकडंच येतात. पाट्या इतक्या की कुठल्या जिन्यानं वर चढावं कळत नाही. मी या दवाखान्यात दोन पेशंट नेले, एक माझ्या वन्सं आणि दुसरी मी. दोघींच्याही पित्ताशयात खडे. त्यांचं पित्ताशय काढलं, माझं जिथल्या तिथं आहे. माझे तारे या फरकासाठी आहेत.

वन्सं तासगावला असतात, साखरेच्या पेशंट. बरेच महिने त्यांना रात्री जेवणानंतर तासा-दोन तासांनी छातीखाली कळ यायची, दोनेक तास धरून ठेवायची आणि आपोआप जायची. तिकडं एका डॉक्टरांनी पोटाला हात न लावता अॅसिडिटीच्या गोळ्या चालू ठेवल्या होत्या. एका साखरपुड्याचं जेवण झालं, बासुंदी झाली, आणि रात्री दोनला सुरू झालेली कळ सकाळचे दहा वाजले तरी हटेना. अंगात कणकण. तशाच गाडीत घालून आणलं.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, कुठं दुखतंय ते हातानं दाखवा." वन्संनी अख्खा तळवा उजव्या बरगडीखाली ठेवला आणि मग हात मागं नेऊन उजव्या खांद्याखाली पाठीत दाखवलं. मग प्रश्न सुरू झाले. कळ येते-जाते की एकसारखी राहते? जेलुसिल घेतल्यावर, ढेकर आल्यावर, संडासला जाऊन आल्यावर बरं वाटतं का? लघवी गडद होते का? वन्संचं उत्तर एकच, कशानंही फरक नाही, एकसारखी ठणकते. लघवीचा रंग नेहमीचाच होता. मग त्यांनी बरगडीखाली बोटं रोवून मोठा श्वास घ्यायला सांगितलं. श्वास अर्ध्यातच अडकला आणि "आई गं!" पित्ताशय सुजलेलं असलं की श्वास घेताना ते खाली सरकून बोटांवर आपटतं, म्हणून असं होतं, हे त्यांनी मला नंतर समजावलं. मर्फी नावाच्या अमेरिकन सर्जनची ही शंभरहून जास्त वर्षं जुनी युक्ती, तिला मशीन लागत नाही.

आता सोनोग्राफी, असं मी धरून चालले होते. त्यांनी आधी ईसीजी काढला. पन्नाशी उलटलेल्या, साखर असलेल्या बाईची वरच्या पोटातली कळ हार्टचीही निघू शकते, ते आधी बाजूला काढायचं म्हणाले. मग रक्त: पांढऱ्या पेशी, काविळीसाठी बिलिरुबिन, आणि लायपेज. शेवटचं स्वादुपिंडासाठी, कारण खडा सटकून नळीत अडकला तर तिथंही सूज येते. हे सगळं होईपर्यंत वन्संना सलाईन आणि वेदनाशामक इंजेक्शन चालू होतं, हेही सांगायला हवं. कितीतरी ठिकाणी रिपोर्ट येईपर्यंत पेशंट विव्हळत बसतो.

सोनोग्राफी त्यांच्याच खालच्या मजल्यावर. पडद्यावर काळी पिशवी, तळाशी पांढरे ठिपके आणि प्रत्येकाखाली काळी सावली. वन्संना कुशीवर वळवलं तर ठिपके गोट्यांसारखे घरंगळत दुसऱ्या बाजूला गेले. जागा सोडत नाही तो बहुधा पॉलिप, म्हणजे भिंतीला चिकटलेली छोटी गाठ, हलतो तो खडा, इति सोनोग्राफीच्या मॅडम. पित्ताशयाची भिंत पाच मिलिमीटर भरली, तीनपर्यंत ठीक असते. वन्संचा मुलगा पुण्याहून फोनवर "डायरेक्ट सीटी का नाही करत?" म्हणून तावातावानं बोलत होता. त्याला डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की पित्ताशयातले बरेच खडे सीटीत दिसतच नाहीत, यासाठी सोनोग्राफीच सरस. तिसऱ्या दिवशी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. माझ्या सासूबाईंच्या पोटावर याच ऑपरेशनचा वीतभर तिरका व्रण होता. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय पहिल्यांदा काढलं ते १९९० साली, मुंबईच्या जे. जे. मध्ये डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी. सासूबाईंचं त्याआधीचं.

आता माझं. एका आरोग्य शिबिरात सोनोग्राफी झाली आणि आठ मिलिमीटरचा एक खडा निघाला. दुसऱ्या एका हॉस्पिटलात तो कागद बघूनच "पुढच्या आठवड्यात काढून टाकू" म्हणाले होते. इथं परत तेच प्रश्न. माझी तऱ्हा निराळी: उपाशीपोटी जळजळ, पहाटे जाग येते, दोन घास पोटात गेले की थांबते. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणून खात असलेल्या गोळ्याही त्यांनी पिशवीतून काढून बघितल्या. म्हणाले, "ताई, हा खडा निवांत बसलाय. दुखणं त्याचं वाटत नाही." एंडोस्कोपी केली, तर जठराच्या पुढच्या आतड्यात अल्सर आणि एच. पायलोरी नावाचा जंतू. १४ दिवसांचा औषधांचा कोर्स झाला, गुडघ्याच्या त्या गोळ्या बंद, जळजळ गेली. असे मुके खडे पुष्कळांच्या पोटात असतात आणि बहुतेकांना जन्मभर त्रास देत नाहीत, म्हणाले. वन्संसारखी कळ आली तर मात्र लगेच यायचं. हातातलं ऑपरेशन सोडून देणारा सर्जन मी तरी पहिल्यांदाच बघितला.

एक तारा कापलाय तो बाहेरच्या कारभारासाठी. फोनवर नंबर देतात, पण आत सोडताना त्याला काही अर्थ नसतो, मधूनच औषध कंपन्यांची पोरं बॅगा घेऊन घुसतात. सोनोग्राफीला सहा-आठ तास उपाशी यायला सांगतात आणि नंबर लावतात दुपारचा! साखरेच्या पेशंटनं काय करायचं? सकाळचा पहिलाच नंबर भांडून घ्या, आणि सकाळच्या गोळीचं काय करायचं तेही विचारून घ्या. बाकड्यावर बसलेल्या बायका पानफुटीचा रस सुचवतील. तो लोक मुतखड्यावर घेतात, आणि मुतखड्याची कळ कमरेतून जांघेत उतरते, माणूस तळमळत येरझाऱ्या घालतो. पित्ताशयाच्या खड्याचा लघवीच्या वाटेशी संबंधच नाही.

जाताना जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, डॉक्टर खरंच बघतात. डोळे पिवळे दिसत असतील किंवा थंडी वाजून ताप असेल तर खालच्या काउंटरला नंबर लावत बसू नका. मागच्या बाजूला कॅज्युअल्टीचं दार आहे, तिथं रात्रीही डॉक्टर असतात.