डांबराखालचे ट्रामचे रूळ: पुन्हा वापरावेत, जागेवर जपावेत की उचलून न्यावेत?

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी रात्री बोरीबंदरहून दादरला गेली आणि ९ मे १८७४ रोजी घोड्यांच्या ट्रामने सुरू झालेले एक पर्व संपले. रूळ मात्र सगळीकडचे उखडले गेले नाहीत. अनेक ठिकाणी त्यांच्यावरच डांबर चढत गेले. २०१७ साली फ्लोरा फाउंटनच्या परिसरात खोदकाम चालू असताना असेच रूळ उघडे पडले. असे रूळ हाती लागतात तेव्हा ठेकेदाराचे यंत्र शेजारीच उभे असते आणि विचाराला सवड मिळत नाही, म्हणून प्रभागाच्या अभियंत्याने आणि रहिवाशांनी पर्याय आधीच तोलून ठेवावेत.

सर्वांत मोहक पर्याय अर्थातच त्याच रुळांवरून पुन्हा ट्राम चालवण्याचा आहे, आणि तोच सर्वांत अवघड आहे. विजेच्या ट्रामला वरच्या तारेतून प्रवाह मिळतो व तो रुळांतून परत जातो. रुळांभोवती विद्युतरोधक आवरण नसेल, तर त्यातला काही प्रवाह जमिनीत झिरपून जवळच्या लोखंडी जलवाहिन्या गंजवतो. त्यामुळे नव्या मार्गांवर रूळ रबरी वेष्टणात बसवले जातात. जुन्या रुळांना ही सोय नाही, शिवाय त्यांची चाक बसण्याची खाच झिजलेली आणि तळ गंजलेला असतो. म्हणजे रूळ नवेच घालावे लागणार. जुन्यांकडून मिळतो तो फक्त मार्गाचा माग. त्या मार्गाखालच्या वाहिन्या हलवण्याचे काम किती महागात पडते, हे एडिनबरोने अनुभवले आहे. तिथला सुमारे १४ किलोमीटरचा मार्ग ५४ कोटी ५० लाख पौंडांत व्हायचा होता. २०१४ मध्ये तो सुरू होईपर्यंत खर्च ७७ कोटी ६० लाखांवर गेला होता, आणि भूमिगत वाहिन्या हे त्यामागचे एक मोठे कारण होते. इस्तंबूलच्या इस्तिकलाल रस्त्यावर १९९० पासून जुन्या धाटणीची ट्राम पुन्हा धावते हे खरे, पण तो रस्ता पादचाऱ्यांसाठी राखलेला आहे आणि अंतर जेमतेम दीड किलोमीटरच्या पुढे आहे. एवढी मोकळीक काळबादेवीला किंवा परळला देता येणार असेल तरच या पर्यायावर खर्चाचा अंदाज मागवावा. कोलकात्याची गोष्ट वेगळी. तिथे ट्राम आजही दिसते, त्यामुळे तिथला तातडीचा प्रश्न उरलेले रूळ डांबराखाली जाऊ न देण्याचा आहे.

खरी निवड मला उरलेल्या दोन पर्यायांत दिसते. रूळ जागेवर जपले तर रस्ता स्वतःच बोलू लागतो: ट्राम कुठून वळत होती, दुहेरी मार्ग कुठे एकेरी होत होता, हे चालणाऱ्याला पायाखाली कळते. वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउनच्या ओ आणि पी या रस्त्यांवर हेच केले आहे. तिथे खालच्या वाहिन्यांचे काम झाल्यावर जुने रूळ आणि त्यांच्याभोवतीचे दगड पुन्हा बसवण्यात आले. मात्र ते निवांत, निवासी रस्ते आहेत. आपल्याकडे वाहत्या रस्त्यात खाचेचा रूळ उघडा ठेवणे मला मान्य नाही. पावसाळ्यात ओल्या पोलादावरून दुचाकी घसरते, सायकलचे चाक खाचेत अडकते, आणि एका अपघातानंतर तो रूळ कायमचा बुजवला जाईल. म्हणून चौक, पदपथ, वाहनबंदी असलेली गल्ली अशा जागीच हा पर्याय घ्यावा, आणि पाणी तुंबू नये म्हणून खाचेच्या निचऱ्याची सोय आधी करावी.

उचलून नेणे स्वस्त आणि सुरक्षित आहे, पण वाटते तितके निर्दोष नाही. संग्रहालयात किंवा बागेत ठेवलेला सरळ रुळाचा तुकडा कुठल्याही रुळासारखा दिसतो; त्याचा अर्थ त्याच्या जागेत होता. (दादर टीटीमधला ‘ट्राम टर्मिनस’ अजून लोकांच्या तोंडी आहे तो जागेमुळेच.) हाच मार्ग घ्यावा लागला तर निदान वळणाचा किंवा सांध्याचा भाग निवडावा, दोन्ही रूळ त्यांना जोडणाऱ्या सळ्यांसकट आणि मधल्या दगडांसकट एकत्र काढावेत, आणि त्यापूर्वी मोजमाप, खोली, छायाचित्रे व जवळच्या इमारतींपासूनचे अंतर नोंदवावे. सुटा रूळ भंगाराच्या दराने जातो, आणि दगड तर त्याआधीच ढिगाऱ्यात मिसळतात.

काहीच न करता पुन्हा डांबर घालणे हाही पर्याय आहे, आणि रहदारीच्या रस्त्यावर मी तो उचलण्यापेक्षा वरचा मानतो, कारण झाकलेला रूळ पुढच्या पिढीला पुन्हा उघडता येतो. अट एवढीच की तो कुठे आणि किती खोल आहे, हे रस्ते विभागाच्या नकाशावर त्याच आठवड्यात चढले पाहिजे.