ठाण्यातला पोअरिंग क्लास: शिकवलं झकास, घरी आणताना वाट लागली

रविवारी दुपारी राम मारुती रोडजवळच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, अडीच तासांचा ॲक्रिलिक पोअरिंगचा क्लास केला. बुकिंग मुलीचं. तिची मैत्रीण आयत्या वेळी गळाली आणि भरलेले १,४०० रुपये बुडू नयेत म्हणून बाबांची वर्णी लागली. मी बिल्डरकडे साइट सुपरवायझर. रंगाशी माझा संबंध म्हणजे पुट्टी, प्रायमर आणि वर दोन हात. सात जणांत मी एकटाच काका.

शिकवणाऱ्या मॅडम तरुण, पण हात बसलेला. यात ब्रश नाहीच, रंग पातळ करून ओतायचा. एक भाग रंग, दोन भाग मीडियम. मीडियम म्हणजे आपला पांढरा फेविकॉल पाण्यात नीट घोटून. किती पातळ? काडी उचलली की धार अखंड पडली पाहिजे आणि खाली झालेला उंचवटा एक-दोन सेकंदांत सपाट झाला पाहिजे. टाइलच्या जोडात भरायच्या व्हाइट सिमेंटच्या घोळापेक्षा जरा सैल म्हणा. मी पहिल्या कपात पाणी जास्त ओतलं. मॅडमनी तो कप बाजूला ठेवायला लावला, कारण नुसत्या पाण्याने पातळ केलेल्या रंगाची पकड जाते. साइटवर पेंटरला मी हेच ओरडतो.

मग प्रत्येक कपात सिलिकॉन तेलाचे दोन थेंब, आणि काडी फक्त दोनदा फिरवायची. सगळे रंग एका मोठ्या कपात थरावर थर, त्यावर कॅनव्हास पालथा, दोन्ही घट्ट धरून उलटं करायचं, मिनिटभर दम धरायचा आणि कप उचलायचा. ८ बाय १० इंचांच्या कॅनव्हासला साधारण शंभर मिली रंग लागला. टायटॅनियम व्हाइट वजनाला जड, तो खाली बसायला बघतो आणि हलका रंग त्याला फोडून वर येतो. त्यात तेल भर घालतं. वरून गॅसची टॉर्च फिरवली तसे बुडबुडे फुटले आणि पांढऱ्यात निळे डोळे उघडत गेले. या जाळीला सेल्स म्हणतात. भिंतीला ओल उमटते ना, अगदी तसं, फक्त इथे सोसायटीचा सेक्रेटरी फोन करत नाही.

मध्येच मॅडमनी सिकेरोसचं नाव काढलं. मेक्सिकोचा हा भित्तिचित्रकार. त्याने १९३६ मध्ये न्यूयॉर्कला वर्कशॉप काढलं आणि रंग ओतून, सांडून काय होतं ते करून पाहिलं. पुढे गाजलेला अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक तिथे शिकायला होता. सिकेरोस गाड्यांना मारायचा ड्युको रंग वापरायचा हे ऐकून मी कान टवकारले. आमचे सुतार अजून फर्निचरला ड्युको मारतात, त्यांना सांगायला हवं.

कप धुवायचे नाहीत हा नियमही आवडला. तसेच सुकू द्यायचे, नंतर रंग रबरासारखा सोलून निघतो आणि बेसिनचा ट्रॅप तुंबत नाही.

आता तक्रार. टेबल लेव्हलला नव्हतं. सगळ्यांचा रंग खिडकीकडे सरकत होता. मी खिशातला फोन ठेवून पाणसळ पाहिली आणि एका पायाखाली वर्तमानपत्राची घडी सारली. ते एक चाललं असतं. पण पाच वाजले तसं प्रत्येकाच्या हातात पिझ्झाचा रिकामा बॉक्स दिला: चित्र आत ठेवा, घरी न्या. ओलं! जुलैचा पाऊस, ठाणे स्टेशन, दहा नंबर फलाटावरून ट्रान्सहार्बरची लोकल. ऐरोलीपर्यंत मी तो बॉक्स नैवेद्याच्या ताटासारखा दोन्ही हातांवर धरून उभा. कॉलेजच्या एका पोराने विचारलं, "काका, चीज जास्त घातलंय का?" ऐरोलीला गर्दीने बाहेर ढकललं तेव्हा बॉक्स तिरका झाला. घरी उघडून पाहतो तर सगळे डोळे एका कोपऱ्यात ओघळून लांबुळके झालेले, आणि पुठ्ठ्याला निळा चिखल.

उरलंसुरलं मी घालवलं. लवकर वाळावं म्हणून पंखा पाचवर केला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या जाड थराला तडे. वरचा पापुद्रा सुकला, आतला ओलाच राहिला, मग दुसरं काय होणार? प्लास्टरवर सात दिवस पाणी मारायला लावणारा माणूस मी, आणि इथे पंखा लावतो.

क्लासला फोन केला. "काका, दोन-तीन दिवस इथेच ठेवलं असतं तरी चाललं असतं," असं उत्तर मिळालं. मग हे बॉक्स वाटण्याआधी का नाही बोलायचं? अडीच तासांत वाळवण्यावर एक वाक्य नाही. पावसाळ्यात वरून कोरडं व्हायलाच दोन-तीन दिवस लागतात, आतून पक्कं व्हायला दोन-तीन आठवडे. तेलही पूर्ण पुसल्याशिवाय वर वार्निश धरत नाही, हे मला नंतर मुलीकडून कळलं.

तरी जा. शिकवण्यात खोट नाही. फक्त निघताना बॉक्स घेऊ नका, चित्र तिथेच ठेवायचा हट्ट धरा आणि आठवड्याने आणायला जा.

मी सध्या साइटवरच्या उरलेल्या टाइलवर करून बघतोय. चकाकी पॉलिश पेपरने घासली, प्रायमर मारला, पाणसळ लावून फ्रिजवर ठेवली, आणि धूळ बसू नये म्हणून वर घमेलं पालथं घातलंय, खाली हवेला चार कप लावून. बायकोने दोनदा विचारलं, घमेलं खाली कधी येणार. बुधवारी, म्हटलं.