महाबलीपुरमचं लाईटहाऊस – नक्की चढा!

महाबलीपुरमला गेलो की सगळे शोअर टेंपल बघतात आणि परत फिरतात, पण टेकडीवरचं लाईटहाऊस सोडू नका यार. १९०४ चा गोल दगडी टॉवर आहे. आत गोल जिना, अरुंद, वरून कोणी उतरत असेल तर अंग चोरून भिंतीला चिकटावं लागतं, गुडघे कुरकुरत असतील तर विचार करून चढा. वर मात्र वारा असा की टोपी हातातच धरा, आणि व्ह्यू एक नंबर, एकीकडे समुद्र नि दुसरीकडे खडक.

मला जास्त आवडलं ते म्हणजे शेजारचं ओलक्कनेश्वर मंदिर, पल्लव काळातलं, हा टॉवर नव्हता तेव्हा त्याच्याच छतावर दिवा लावून जहाजांना किनारा दाखवायचे! आणि प्रत्येक लाईटहाऊसची फ्लॅशची वेळ वेगळी ठरलेली असते, सेकंद मोजून कॅप्टन ओळखतो आपण कुठे आलोय ते. जीपीएस बंद पडला तरी हे चालतंच की.

दुपारी अजिबात जाऊ नका, दगड तापतो. पाण्याची बाटली मस्ट. साडेचार स्टार, अर्धा जिन्यासाठी कापला.