कॉन्सुलेटची वापरलेली गाडी घेताय? गाडीला 5 स्टार, सेल्सवाल्याला 1

अंधेरीच्या एका प्री-ओन्ड डीलरकडून कॉन्सुलेटची जर्मन सेडान घेतली. नाव टाकत नाही कारण आतली लोकं चांगली आहेत, एक सेल्सवालाच नग आहे.

गाडी एकदम कडक. ड्रायव्हर ठेवून चालवलेली, सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण, मागची सीट तर जवळजवळ नवीच, फक्त बंपरवर कॉन्सुलेटच्या निळ्या नंबरपाटीच्या रिव्हेटची चार भोकं आणि आजूबाजूचा रंग जरा उडालेला. भाव करताना थोडं सोडतात, पण चहा पिऊन बसावं लागतं.

आता पाटीचं. पाटीवर सीसी म्हणजे कॉन्सुलेटची गाडी, सीडी म्हणजे दूतावासाची. डिलिव्हरीच्या दिवशी सेल्सवाला म्हणतो, "सर, पाटी राहू द्या ना, एक्स्प्रेसवेला सीसी गाडीला कोण हात लावतंय, पुण्यात पोचलात की बदला." म्हटलं भाऊ, ती पाटी गाडीची नाही, मालकाची आहे! मोटार वाहन कायद्याचं कलम 42 सरळ सांगतं की गाडी त्या डिप्लोमॅटच्या किंवा कॉन्सुलर अधिकाऱ्याच्या मालकीची राहिली नाही की ते रजिस्ट्रेशनही संपलं, पुढे तुमच्या-आमच्यासारखी रीतसर नोंदणी. म्हणजे त्या पाटीवर मी पुण्याला निघालो असतो तर विनानोंदणी गाडी चालवली असं झालं असतं, कलम 192 खाली पहिल्या वेळी 2 ते 5 हजार दंड, आणि वाटेत कुठे ठोकली तर इन्शुरन्सवाले हात वर करायला मोकळे.

आणि निळ्या पाटीला सगळं माफ हा समजही अर्धवटच आहे. 1961 चा व्हिएन्ना करार आहे त्यात दूतावासाच्या गाडीची झडती घेता येत नाही, जप्तीही नाही, पण त्याच करारात लिहिलंय की इथले कायदे पाळायचेच. कॉन्सुलेटसाठी 1963 चा करार वेगळा, त्यात गाडीला एवढं संरक्षण नाहीये आणि अपघातात कोणाचं नुकसान झालं तर कॉन्सुलवर भरपाईचा दिवाणी दावाही लागू शकतो. मुंबईत बहुतेक सीसीच दिसतात, सीडी बघायच्या तर दिल्लीला चाणक्यपुरीत. आणि आपला इथला ड्रायव्हर सिग्नल तोडून "मी कॉन्सुलेटचा" म्हणाला तरी इम्युनिटी साहेबाची, त्याची नाही.

बॅक ऑफिसच्या मॅडमना मात्र पैकीच्या पैकी. ड्युटी माफ होऊन आलेली गाडी आपल्यासारख्याला विकायची तर कस्टम ड्युटी भरावी लागते आणि परराष्ट्र मंत्रालयाची परवानगी लागते, ते सगळे कागद त्यांनी फाईलमध्ये क्रमाने लावून ठेवले होते, चलनावरचा चेसिस नंबर गाडीशी जुळवूनही दाखवला. सेल्सवाला "ते मागून येईल हो" म्हणत होता, मागून वगैरे काही नाही, ड्युटीची पावती हातात आल्याशिवाय टोकन सोडून एक रुपया देऊ नका.

गाडी मी फ्लॅटबेडवर घातली. खर्च झाला, बायको हसली, चालतंय. आरटीओत इन्स्पेक्शनला गाडी समोर न्यावीच लागते, रोड टॅक्स वेगळा, तो डीलरच्या किमतीत नसतो हे आधीच विचारून घ्या. त्यांच्याकडे मागे एक लेफ्ट हँड ड्राईव्ह एसयूव्हीपण उभी आहे, स्वस्त वाटेल, पण कलम 120 प्रमाणे तिचे सिग्नल-इंडिकेटर नीट चालू लागतात आणि टोलनाक्याला खिडकी उलट्या बाजूला येते ते वेगळंच. रविवारी बंद असतं, पार्किंग समोरच्या गल्लीत मिळतं.